खालच्या जबड्याची सीबीसीटीवरची मापं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवायचं असतं, अडकलेली अक्कलदाढ काढायची असते किंवा जबड्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं, आणि डॉक्टर चिठ्ठीवर ‘सीबीसीटी’ लिहून देतात. मग प्रश्न सुरू होतात. पेशंट विचारतात, त्यांचे नातेवाईक विचारतात, डेंटल कॉलेजचे विद्यार्थीही विचारतात. आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सीबीसीटी म्हणजे काय? हा नेहमीचा सीटी स्कॅनच का?

दोन्हींत एक्स-रेच वापरतात, पण पद्धत वेगळी. नेहमीच्या सीटीत किरणांचा पंख्यासारखा पातळ झोत शरीराभोवती अनेकदा फिरतो. सीबीसीटीत किरणं शंकूच्या आकारात सोडली जातात आणि यंत्राचा हात डोक्याभोवती एकदाच, कधी अर्धा तर कधी पूर्ण, फिरतो. तेवढ्या वेळात शेकडो चित्रं टिपली जातात आणि संगणक त्यांतून जबड्याचं त्रिमितीय रूप उभं करतो. हे रूप बारीक घनांनी बनलेलं असतं. त्या प्रत्येक घनाला व्हॉक्सेल म्हणतात. दातांच्या कामात व्हॉक्सेलची बाजू साधारण 0.08 ते 0.4 मिमी असते आणि ती तिन्ही दिशांना सारखी असते. म्हणूनच जबडा हवा तसा फिरवून, हवा तिथे आडवा-उभा कापून पाहता येतो.

दातांसाठीचं हे तंत्र 1990 च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये जवळपास एकाच काळात पुढे आलं. इटलीतल्या न्यूटॉम यंत्राबद्दलचा शोधनिबंध 1998 मध्ये प्रसिद्ध झाला.

माझा ओपीजी काढलेला आहे. त्यावरच मोजता येत नाही का?

ओपीजी म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा मोठा एक्स-रे. त्यात वाकडा जबडा सपाट करून दाखवलेला असतो. त्यात सगळं थोडं मोठं दिसतं, बहुतेक यंत्रांत 10 ते 30 टक्क्यांनी, आणि हे मोठेपण सगळीकडे सारखं नसतं. मान थोडी वाकडी असली की एका बाजूच्या दाढा रुंद दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या अरुंद. उंचीचा अंदाज घेण्यासाठी माहीत असलेल्या मापाची, बहुधा 5 मिमीची, स्टीलची गोळी तोंडात ठेवून ओपीजी काढायची पद्धत आहे आणि ती उपयोगीही पडते.

पण रुंदीचं काय? गालाकडून जिभेकडे हाड किती जाड आहे हे ओपीजीत दिसतच नाही. जिभेच्या बाजूला हाड आत दबलेलं आहे का हेही दिसत नाही. तिसरी मिती हवी असते ती यासाठी. तरीही सुरुवात ओपीजीनेच करावी असं माझं ठाम मत आहे. ओपीजीवर उत्तर मिळत असेल तर पुढच्या स्कॅनची गरज नाही.

खालच्या जबड्यात नेमकं काय मोजतात?

कशासाठी मोजायचं आहे त्यावर ते ठरतं. इम्प्लांटसाठी चार गोष्टी बघाव्या लागतात: हाडाच्या माथ्यापासून नसेच्या कालव्यापर्यंतची उंची, हाडाची रुंदी, जिभेकडच्या बाजूचा खळगा आणि हनुवटीच्या नसेचं छिद्र.

कालवा आधी समजून घेऊ. खालच्या दातांना संवेदना देणारी नस जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूने हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे जाते आणि सुळ्याच्या मागच्या दोन लहान दाढांच्या आसपास एका छिद्रातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला पोचते. त्या वाटेला मँडिब्युलर कॅनॉल म्हणतात आणि बाहेर पडण्याच्या छिद्राला मेंटल फोरामेन. अनेकांमध्ये नस त्या छिद्राच्या थोडी पुढे जाऊन वळसा घेऊन मागे येते. त्यामुळे छिद्राच्या लगेच पुढे हाड मोकळं आहे असं समजून ड्रिल चालवणं धोक्याचं ठरतं. काहींचा कालवा दुभंगलेला असतो, काहींना दुसरं छोटं छिद्र असतं. दात जाऊन बरीच वर्षं झालेल्या वृद्धांमध्ये हाड इतकं झिजलेलं असतं की हे छिद्र जवळजवळ माथ्यावर येतं, आणि कवळीच्या दाबाने तिथे कळ येते. असे पेशंट वर्षानुवर्षं कवळी बदलत राहतात. एका स्कॅनवर कारण समजतं.

जिभेकडच्या खळग्याला मी सर्वाधिक महत्त्व देते. दाढांच्या भागात, लाळग्रंथी टेकते त्या जागी, हाड आतून दबलेलं असतं. वरून पाहताना रुंदी भरपूर वाटते आणि खाली गेल्यावर हाड एकदम आत वळतं. सरळ खाली गेलेलं ड्रिल तिथे जिभेच्या बाजूने बाहेर येऊ शकतं. तोंडाच्या तळाशी रक्तवाहिन्या आहेत. तिथे रक्तस्राव झाला तर जीभ वर ढकलली जाऊन श्वास अडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हनुवटीच्या मध्यभागी आतल्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांतूनही रक्तवाहिन्या शिरतात. ‘पुढच्या भागात नस नाही, म्हणून काळजी नाही’ हे ऐकलं की म्हणूनच मी स्कॅनवरची ती छिद्रं दाखवते.

जबडा पुढे-मागे सरकवायच्या ऑपरेशनसाठी मापं वेगळी लागतात. कालवा आणि गालाकडची हाडाची भिंत यांच्यात किती जागा आहे हे सर्जनला हवं असतं, कारण हाड चिरतात ते तिथूनच. ती जागा अरुंद असेल तर ऑपरेशननंतर ओठ बधिर राहण्याची शक्यता वाढते. चेहरा एका बाजूला झुकलेला असेल तर दोन्हीकडची सांध्यातली हाडाची गोल टोकं, उभ्या भागाची उंची आणि जबड्याचा कोन यांची तुलना करतात. न्यायवैद्यकात सांगाड्याचं लिंग आणि वय यांचा अंदाज घ्यायलाही हीच मापं कामी येतात, पण ती नेहमी त्या त्या लोकसमूहाच्या नोंदींशी ताडून पाहावी लागतात.

स्कॅनवर नस दिसते का?

नाही. दिसतो तो कालवा, म्हणजे नस जाते ती हाडातली वाट. कालव्याभोवती हाडाची पांढरी कड असेल तर तो चटकन सापडतो. अनेकांमध्ये ती कड जागोजागी नसते आणि कालवा आजूबाजूच्या जाळीदार हाडात मिसळून जातो. अशा वेळी दोन्ही टोकांकडून, जिथे तो स्पष्ट आहे तिथून, एकेका कापाने पुढे सरकत त्याचा माग काढावा लागतो. सॉफ्टवेअर आता कालवा आपोआप रंगवून देतं. ते चांगलं काम करतं, पण नेमकं जिथे डोळ्याला कठीण जातं तिथेच त्यालाही कठीण जातं. रंगीत रेघ हा अंदाज आहे. ती खाली असलेल्या करड्या चित्राशी जुळते का हे पाहिल्याशिवाय तिच्यावरून मोजू नये.

जिभेची नस मात्र हाडात नसतेच, त्यामुळे सीबीसीटीवर तिचा काहीच पत्ता लागत नाही.

एकाच स्कॅनवर दोन डॉक्टरांनी वेगवेगळी मापं सांगितली. मशीन चुकलं का?

मशीन बहुधा बरोबरच असतं. पेशंटच्या मनात पक्कं बसलेलं असतं की माप यंत्रातून छापून येतं. तसं होत नाही. यंत्र जबडा नोंदवतं, माप माणूस घेतो. ‘उपलब्ध उंची 12.4 मिमी’ असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं तेव्हा कुणीतरी जबडा कसा धरायचा, कुठे कापायचा आणि रेघ कुठून कुठे ओढायची हे ठरवलेलं असतं.

आधी कापाची दिशा. काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते, तसंच जबड्याचं होतं. काप हाडाला काटकोनात नसेल तर उंची खऱ्यापेक्षा जास्त दिसते. हिशोब सरळ आहे: काप 15 अंशांनी कलला तर 20 मिमीचं हाड 20.7 मिमी दिसतं, 25 अंशांनी कलला तर 22.1 मिमी. म्हणजे चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूला, हाड आहे त्यापेक्षा जास्त असल्याचं सांगणारी. हे टाळायचं तर मोजण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये जबडा नीट बसवून घ्यावा लागतो. ज्या भागात काम करायचं त्या भागाचा तळ आडवा हवा, आणि ज्या वक्ररेषेवरून काप घेतले जातात ती हाडाच्या मधोमध जायला हवी. सुळ्याच्या आसपास जबडा झपकन वळतो. काप सर्वाधिक तिरके पडतात ते तिथेच.

मग रेघ कुठून सुरू करायची? दात जाऊन काळ लोटला की हाडाचा माथा सुरीच्या पात्यासारखा धारदार होतो. त्या धारेपासून मोजलं तर उंची 15 मिमी भरेल. पण वरच्या 3 मिमीत रुंदी जेमतेम 2 मिमी असेल तर ती उंची इम्प्लांटच्या काहीच उपयोगाची नाही. 4 मिमी जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी किमान 1 ते 1.5 मिमी हाड हवं, म्हणजे 6 ते 7 मिमी रुंदी. ती जिथे मिळते तिथून खाली मोजायला हवं. एक डॉक्टर माथ्यापासून मोजतो, दुसरा रुंदी मिळते तिथून. दोघांच्या आकड्यांत 3 मिमीचा फरक पडतो आणि दोघंही स्वतःच्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात.

स्क्रीनचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलला तरी हाडाची कड जाड-पातळ दिसते, हेही लक्षात असू द्या.

म्हणून रिपोर्टमध्ये फक्त आकडा बघू नका. ज्या कापावर मोजलं तो काप, त्यावरची रेघ आणि तो कोणत्या दाताच्या जागेचा आहे ही खूण छापलेली असावी. दात नसलेल्या जागी स्कॅन करायचा असेल तर डॉक्टर दाताच्या साच्यात गटापर्चाची किंवा बेरियम मिसळलेली, म्हणजे एक्स-रेत ठळक दिसणारी, खूण करून देतात. तो साचा घालून स्कॅन केला की भावी दात नेमका कुठे येणार हे कापावरच दिसतं. आमच्या अनुभवात या एका साध्या साच्याने मापांवरून होणारे निम्मे वाद मिटतात.

मग ही मापं कितपत अचूक असतात?

कोरड्या जबड्यांवर कॅलिपरने घेतलेली मापं आणि सीबीसीटीवरची मापं पडताळून पाहिली की फरक साधारणपणे एक मिलिमीटरच्या आत राहतो. हाडाच्या कामासाठी ही खूपच चांगली अचूकता आहे. पण कोरडा जबडा हलत नाही, गिळत नाही, त्याच्या तोंडात धातूच्या कॅप नसतात.

व्हॉक्सेल 0.2 मिमीचा आहे म्हणून माप 0.2 मिमीपर्यंत बरोबर, असं होत नाही. दोन बारीक गोष्टी वेगळ्या दिसायला त्यांच्यात काही व्हॉक्सेलचं अंतर लागतं. खालच्या पुढच्या दातांसमोर हाडाचा पापुद्रा अनेकदा 1 मिमीहूनही पातळ असतो. तो स्कॅनवर दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं म्हणता येत नाही. ऑर्थोडोंटिक उपचारांत हे विशेष सांभाळावं लागतं. सॉफ्टवेअर शंभरावा भागसुद्धा लिहून देतं, पण मी स्वतः अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच वाचते.

धातूच्या कॅप, जुनी इम्प्लांट आणि विशेषतः झिरकोनियाचे दात यांच्या शेजारी काळे-पांढरे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांत हाड मोजू नये.

‘नसेपासून 2 मिमी अंतर’ हा नियम कुठून आला?

इम्प्लांटचं टोक आणि कालव्याचं छत यांच्यात किमान 2 मिमी ठेवायचं, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. त्यात मापातली चूक धरलेली आहे, हाताची चूक धरलेली आहे, आणि ड्रिलचं टोकदार अग्र त्यावरच्या खुणेपेक्षा थोडं पुढे जातं हेही धरलेलं आहे. कालव्यापर्यंत 12 मिमी असेल तर 10 मिमीचं इम्प्लांट ही वरची मर्यादा झाली. 8 मिमीचं चालत असेल तर ते निवडायला संकोचू नये. ओठ कायमचा बधिर झाला तर चहाचा ओघळ हनुवटीवर आलेला कळत नाही, दाढी करताना कापलेलं कळत नाही. लांब इम्प्लांटने होणारा फायदा त्या तोडीचा नसतो.

अक्कलदाढ काढायची आहे. सगळ्यांनाच सीबीसीटी लागतो का?

नाही. बहुतेकांना ओपीजी पुरतो. रूड आणि शेहाब यांनी 1990 मध्ये एक्स-रेवरच्या काही खुणा मांडल्या, त्या आजही वापरतात: मुळाचा कालव्यावरचा भाग काळसर दिसणं, कालव्याची पांढरी कड तुटणं, कालवा वाट बदलताना दिसणं. अशी खूण असेल तर सीबीसीटी करून मूळ आणि कालवा खरोखर चिकटले आहेत का, आणि कालवा मुळाच्या गालाकडे आहे की जिभेकडे, हे पाहायचं. चिकटलेले असतील तर फक्त दाताचा वरचा भाग काढून मुळं ठेवण्याचा पर्यायही सर्जन सुचवू शकतात.

प्रत्येक अक्कलदाढेला सरसकट सीबीसीटी केल्याने नसेच्या इजा कमी होतात असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. स्कॅन केल्याने निर्णय बदलणार असेल तरच तो करावा.

या स्कॅनवर हाडाची घनता कळते का? हाड ठिसूळ आहे का ते सांगता येतं का?

रुग्णालयातल्या सीटीवरचे घनता दाखवणारे हाउन्सफिल्ड आकडे प्रमाणित असतात. सीबीसीटीवरचे करडे आकडे तसे नसतात. ते यंत्रागणिक, फील्डच्या (म्हणजे एका स्कॅनमध्ये टिपल्या जाणाऱ्या भागाच्या) आकारागणिक, अगदी जबड्याच्या जागेगणिकही बदलतात. ‘घनता 850’ असं रिपोर्टवर लिहिलेलं असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका.

एक खूण मात्र ओपीजीवर मोजता येते. मेंटल फोरामेनच्या खाली जबड्याच्या तळाची घट्ट कड 3 मिमीपेक्षा पातळ असेल, विशेषतः पाळी गेलेल्या बाईमध्ये, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुचवणं योग्य. निदान तिथेच होतं, जबड्यावर नाही.

तोंड पूर्ण उघडत नाही. स्कॅन होईल का?

होईल. सुपारी आणि गुटख्यामुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि शेवटी बोटही आत जात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी असे तरुण आजही येत राहतात. त्यांच्या तोंडात एक्स-रेची छोटी फिल्म किंवा सेन्सर ठेवता येत नाही. सीबीसीटी बाहेरून होतो, हनुवटी टेकवून स्थिर बसलं की पुरे.

पण गालात किंवा हिरडीवर न भरणारी जखम असेल, दात अचानक हलत असेल, ओठ आपोआप बधिर झाला असेल, तर दातांच्या स्कॅन सेंटरमध्ये न रेंगाळता थेट तज्ज्ञाकडे जा. सीबीसीटीवर मऊ भाग नीट दिसत नाहीत. कर्करोग हाडात किती शिरला आहे हे ठरवायला सर्जन बहुधा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय मागवतात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत जबड्याचा भाग काढून पायाच्या फिब्युला हाडाने तो पुन्हा उभारतात. अशा शस्त्रक्रियेत हाड कुठे आणि किती अंशांत कापायचं याचा आराखडा सीटीवरच्या मापांवरून आधी करता येतो.

रेडिएशन किती? गरोदर बाई, लहान मुलं यांचं काय?

यंत्र आणि फील्ड यांवर डोस पुष्कळ बदलतो. ओपीजीचा डोस साधारण 5 ते 25 मायक्रोसिव्हर्ट असतो. छोट्या फील्डच्या सीबीसीटीचा बहुधा काही दहांपासून शंभर-दीडशेपर्यंत, पूर्ण चेहऱ्याच्या स्कॅनचा त्याहून जास्त. तुलनेसाठी, निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे 2400 मायक्रोसिव्हर्ट दरवर्षी मिळतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण एका दाढेसाठी दोन्ही जबड्यांचा स्कॅन करू नये. ‘फक्त खालचा उजवा भाग’ असं चिठ्ठीवर लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे.

गरोदर असाल तर आधी सांगा. गर्भापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो, तरी घाई नसेल तर बाळंतपणानंतर करावा. मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कारण अधिक भक्कम हवं आणि फील्ड लहान हवी.

शिशाचा एप्रन दिला नाही म्हणून काहीजण रागावतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याची कॉलर नेहमीसाठी वापरू नये असं सुचवलं. किरणांचा झोत नेमका आखणं जास्त परिणामकारक असतं, आणि कॉलर झोतात आली तर चित्र बिघडून स्कॅन पुन्हा करावा लागतो.

सेंटर निवडताना काय विचारावं?

एईआरबीची परवानगी आहे का, हे पहिलं. मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेलं हे अणुऊर्जा नियामक मंडळ देशातल्या निदानाच्या एक्स-रे यंत्रांचं नियमन करतं, आणि परवानगीची प्रक्रिया त्यांच्या ई-लोरा प्रणालीवर चालते. दुसरं, रिपोर्ट कोण लिहितं? ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी ही दंतवैद्यकाची स्वतंत्र एमडीएस शाखा आहे. त्या तज्ज्ञाने संपूर्ण स्कॅन पाहिलेला असावा, फक्त इम्प्लांटची जागा नव्हे. जबड्यातली गाठ किंवा सिस्ट अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडते.

स्कॅनच्या वेळी मला काय करावं लागेल?

कानातलं, नथ, चष्मा, काढता येणारी कवळी काढून ठेवा. मंगळसूत्र आणि साखळीही. स्कॅन बहुधा 10 ते 20 सेकंदांत होतो. तेवढा वेळ गिळू नका, बोलू नका, यंत्राच्या फिरणाऱ्या हाताकडे पाहत डोकं वळवू नका. किंचित हललात तरी हाडाची कड दुहेरी दिसते आणि मग माप कुठून घ्यायचं हेच कळत नाही. हात थरथरत असतील किंवा मान आपोआप हलत असेल तर आधी सांगा, डोक्याला पट्टा बांधता येतो.

वर्षभरापूर्वीचा स्कॅन चालेल का?

कालव्याची जागा वर्षभरात बदलत नाही, हाडाचा माथा बदलतो. दात काढल्यावर तिथली रुंदी पहिल्या वर्षात जवळपास निम्म्याने घटते असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या 3 महिन्यांतच झाली होती. दात काढण्याआधीचा स्कॅन असेल तर रुंदी त्यावरून ठरवू नका. पण दात आधीच गेलेला असेल, मध्ये काही शस्त्रक्रिया झाली नसेल, तर जुना स्कॅन बहुतेक वेळा पुरतो.

फिल्म मिळाली, मग सीडी कशाला हवी?

फिल्मवर कुणीतरी निवडलेले काप असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळं त्या निवडीवर अवलंबून आहे. दुसऱ्या डॉक्टरांना स्वतः जबडा फिरवून मोजायचा असेल तर डायकॉम फाइलच, म्हणजे सीडीवरचा मूळ संपूर्ण स्कॅन, लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर मोजता येत नाही. मोजपट्टीची खूणच त्यात हरवते. सर्जिकल गाइड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारी पट्टी, बनवायची असेल तेव्हाही हीच फाइल तोंडाच्या डिजिटल स्कॅनशी जोडतात. सेंटरमधून निघण्यापूर्वी डायकॉम फाइल मागून घ्या, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकवर, आणि तिच्या नावात तारीख लिहून ठेवा. लिंक असेल तर ती काही दिवसांत बंद होते, म्हणून त्याच आठवड्यात उतरवून घ्या.